न्वार ॲनिमे कोणी पूर्ण पाहिलंय का? पुढे बघू की इथेच सोडू?

निशाचर_ठाणेकर

मंडळी, एका मित्राने डोकं खाऊन खाऊन शेवटी मला न्वार बघायला बसवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, २००१ ची जपानी ॲनिमेशन सिरीज आहे, २६ एपिसोड, बी ट्रेन स्टुडिओ, डायरेक्टर कोइची माशिमो. दोन मुली आणि दोघी सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या. मिरेय बुके मूळची कॉर्सिकाची, पॅरिसात राहून हा धंदा करते. दुसरी किरिका युमुरा, जपानमधली शाळकरी पोरगी, तिला स्वतःबद्दल काही म्हणजे काही आठवत नाही, फक्त बंदूक हातात आली की हात आपोआप चालायला लागतात. मिरेयला एक ईमेल येतो, त्यात एका खिशातल्या घड्याळाची धून असते, ती धून तिच्या लहानपणच्या कुठल्यातरी भयानक आठवणीशी जोडलेली असते म्हणून ती जपानला जाते आणि तिथे ही किरिका भेटते. मग दोघींचा करार, आधी मिळून सत्य शोधायचं आणि ते कळलं की मिरेय किरिकाला मारून टाकणार. आयडिया खतरनाक आहे यात वादच नाही.

पहिल्या एपिसोडला किरिका एका सूटवाल्याच्या टायला धरून सरळ खाली उडी मारते आणि त्याचा खेळ खल्लास, तो सीन बघून मी लोळत होतो तो उठून बसलो. पण आता पाच एपिसोड झालेत आणि रोज तेच चाललंय राव. मिरेय लॅपटॉपवर काहीतरी वाचते, दोघी कुठल्यातरी देशात जातात, काळ्या सुटातली पन्नास माणसं येतात ज्यातल्या एकालाही नेम धरता येत नाही, मागे कोरस सुरू होतो, सगळे पडतात, दोघी घरी. आणि ते घड्याळ! दर एपिसोडला तोच फ्लॅशबॅक, तेच घड्याळ, तीच धून. गोळी लागली तरी रक्ताचा एक थेंब दिसत नाही, माणूस नुसता हात वर करून पडतो, शाळेच्या गॅदरिंगला पडतात तसा.

मी लायकोरिस रिकॉइल वगैरे वेगवान ॲनिमे बघून आलोय त्यामुळे कदाचित स्पीडची सवय वेगळी असेल. प्रश्न एवढाच की ही स्टोरी पुढे कुठे जाते का नुसती स्टाइलच आहे? स्पॉयलर टाकणार असाल तर आधी वॉर्निंग द्या, हात जोडतो.

कट्टर_शोनेन

सोड भावा. मी बाराव्यापर्यंत ओढलं कसंबसं. दोन पोरी एकमेकींकडे बघतात, मग खिडकीबाहेर बघतात, मग परत एकमेकींकडे. आपल्या सासूसुनेच्या मालिकेत ढॅण ढॅण करून तीन वेळा चेहरा दाखवतात ना, हे तेच आहे फक्त म्युझिक चांगलंय. तेवढ्या वेळात दुसरं काहीतरी ढिंच्याक बघून होईल.

रातराणी

शोनेन दादा, बाराव्याला सोडलंत म्हणजे नेमकं दार उघडल्यावर परत फिरलात.

निशाचर, पाचव्याला थांबू नका. सहावा बघा आणि मग ठरवा. त्यात टार्गेट एक म्हातारा आहे, थंडीवाऱ्याच्या गावात राहतो, गोरगरिबांना मदत करतो, सगळं गाव त्याला देवमाणूस मानतं. आणि याच माणसाने सोव्हिएत काळात एका अख्ख्या जमातीची कत्तल घडवलेली असते. किरिका त्याच्यावर नजर ठेवायला जाते आणि त्याच्या मांजरीची काळजी घेत बसते. शेवट काय होतो ते सांगत नाही. पण त्या एपिसोडात गोळीबार किती मिनिटं आहे ते बघा, नावालाच आहे, बाकी सगळा वेळ ती मुलगी त्या मांजरीशी आणि त्या माणसाशी काय करायचं या विचारात बसलेली. तोंडाने एक वाक्य धड बोलत नाही. मी तो एपिसोड संपल्यावर लगेच पुढचा लावू शकले नव्हते.

आणि हेच मला न्वारबद्दल सांगायचंय. लोक स्टाइल म्हणतात तेव्हा त्यांना कोट, पॅरिस, बंदुका आठवतात. माझ्या मते यातली स्टाइल म्हणजे काय दाखवायचं नाही हे पक्कं ठरवलेलं असणं. रक्त दाखवत नाहीत, कोणी ओरडत नाही, कोणी आपल्या भावनांवर भाषण ठोकत नाही. किरिकाला पहिल्याच भागात प्रश्न पडतो की मी माणसं मारते आणि मला वाईट कसं वाटत नाही. पुढचे सगळे एपिसोड त्या वाईट वाटण्याची वाट बघण्यात जातात. ते एकदम येत नाही, थोडं थोडं येतं, आणि जेव्हा येतं ना तेव्हा तुम्हाला आधीचे पाच एपिसोड एवढे कोरडे का होते ते कळतं. ॲक्शन बघायला बसलात तर पन्नास सूटवाले मूर्खच वाटणार, ते मूर्ख आहेतच, त्यांना भुतं समजायचं आणि पुढे जायचं.

आठवा आणि नववा एकत्र बघा, दोन भागांची गोष्ट आहे. सिसिलीच्या माफिया घराण्यातली सिल्वाना येते. तोवर मिरेय म्हणजे एकदम थंड डोक्याची, सगळं येणारी, मोठी बहीण टाइप. आणि ही सिल्वाना समोर आली की तिचे हातपाय गार पडतात कारण लहानपणी हिने तिला अशी काही भीती घालून ठेवलेली असते की मोठी झाल्यावरही ती जात नाही. माफिया, घराणी, इज्जत वगैरे मसाला सगळा आहे पण मुद्दा त्या भीतीचा आहे.

मग दहाव्याला क्लोई येते. बास, तिच्याबद्दल एवढंच.

सूर_बेसूर

कोणी म्युझिकबद्दल नीट बोलणार आहे की नाही? नुसतं "म्युझिक चांगलंय" म्हणून कसं चालेल.

न्वारची संगीतकार युकी काजिउरा. आज डीमन स्लेयर ॲनिमेमुळे नाव सगळ्यांना माहीत झालंय, २०२५ ला आपल्याकडे थिएटरात त्याचा इन्फिनिटी कॅसल सिनेमा लागला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या पोरांनी क्रेडिट्समध्ये नाव आल्यावर शिट्ट्या मारल्या. पण माझ्यासारख्या बऱ्याच जणांना तिचं नाव न्वारमुळे कळलं. बाई लहानपणी जर्मनीत राहिलेली, वडिलांना ऑपेराचं वेड, ते सगळं तिच्या चालीत उतरलंय असं मला कायम वाटतं. यातलं साल्वा नोस हे गाणं लॅटिनमध्ये आहे, कांता पेर मे इटालियनमध्ये. साल्वा नोस ऐका, खाली तालाला अगदी नाचायचं गाणं वाटेल असा ठेका आणि वर चर्चमधल्यासारखा कोरस, देवा आम्हाला वाचव म्हणून आळवणी चाललीय आणि पडद्यावर किरिका एकेकाला टिपतेय. वाचवायला कोणाला सांगताय, मरणाऱ्यांना का तिला? हे मला दरवेळी होतं.

कांता पेर मे तर आठव्या-नवव्या भागात जे वाजतं त्याला तोड नाही. हेडफोन लावून बघा, मोबाईलच्या स्पीकरवर त्याचा चोथा होतो.

आता तक्रार. माशिमोला गाणं आवडलं की तो ते कुठेही लावतो. चाललेल्या डायलॉगवर गाणं चढवतो. काही एपिसोडला एकच ट्रॅक तीनदा येतो. मी फॅन असूनही मधल्या भागात वैतागलो होतो. पण ओपनिंग स्किप करू नका, अली प्रोजेक्टचं कोप्पेलियाची शवपेटी. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं हे काय भलतंच, सर्कशीतल्या बाहुलीला कोणीतरी शास्त्रीय गाणं शिकवलंय, नंतर आंघोळ करताना गुणगुणाल. कोड गीआस ॲनिमेचं पहिलं एंडिंगही याच लोकांचं. आणि एंडिंगला अकिनो अराईचं गाणं, ते इतकं मऊ आहे की एवढी प्रेतं पडल्यावर ते ऐकताना काय करावं समजत नाही.

कट्टर_शोनेन

सर्कशीतली बाहुली 😂 हे मात्र पटलं.

जुना_डीव्हीडीवाला

रक्त का नाही यावर बरंच गॉसिप आहे, मी माझं मत देतो. न्वार टीव्ही टोकियोवर लागायची. हे तेच चॅनल जिथे डिसेंबर १९९७ मध्ये पोकेमॉनचा तो लुकलुकत्या उजेडाचा एपिसोड लागला आणि शेकडो पोरं दवाखान्यात गेली. त्यानंतर हे चॅनल भलतंच सोवळं झालं. १९९८ ला काउबॉय बीबॉपसारखी सिरीज यांनी पूर्ण दाखवली नाही, २६ मधले जेमतेम डझनभर भाग घेतले आणि पूर्ण सिरीज नंतर वावाव (WOWOW) नावाच्या दुसऱ्या चॅनलवर लागली. तर अशा चॅनलवर दोन पोरी दर आठवड्याला माणसं मारणार म्हटल्यावर हात आखडता घेतला असेल असा माझा अंदाज. पण बंधन होतं म्हणून तसं केलं एवढ्यावर विषय संपत नाही, त्या बंधनातून माशिमोने काय काढलं ते बघायला पाहिजे. मारामारीला तो जवळजवळ नाच करून टाकतो. कोण कुठून आला, खांबामागून सावली सरकली, रिकामं काडतूस जमिनीवर पडल्याचा आवाज, बास. बघणाऱ्याने बाकीचं स्वतः भरायचं.

बंदुकांबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो कारण ती मला फार आवडते. मिरेयकडे वॉल्थर पी९९, त्या वेळची नवीकोरी जर्मन पिस्तूल, तिच्यासारखीच टापटीप. किरिकाकडे बेरेटा एम १९३४, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन सैन्याची छोटीशी जुनी पिस्तूल, मॅगझिनमध्ये सातच गोळ्या. एका शाळकरी मुलीच्या हातात तिच्या आजोबांच्या वयाचं हत्यार. ते तिला कुठून मिळालं, ती एवढी जुनी का, हा विचार करत पुढे बघा, कारण सिरीजचा सगळा मामलाच असा आहे की या मुलींच्या हातात जे आलंय ते त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी ठरवून ठेवलेलं आहे. ले सोल्दा नावाची गुप्त संघटना हळूहळू समोर येते. ती संघटना हा माझ्या मते कच्चा भाग आहे, शेकडो वर्षं जग चालवणारे लोक आणि यांना दोन पोरी आवरत नाहीत. काळे झगे, जुनी हस्तलिखितं, कोड्यात बोलणारे म्हातारे, थोडं अति होतं.

लेखक र्योए त्सुकिमुरा पुढे कादंबरीकार झाला, आता जपानमध्ये थ्रिलर लिहिणाऱ्यांत मोठं नाव आहे, पुरस्कार वगैरे मिळालेत. एकेका भागाची गोष्ट बांधण्यात त्याचा हात बसलेला आहे हे मांजरवाल्या एपिसोडला जाणवतं.

सेनाकाठची_सातारकर

पॅरिसमध्ये राहते म्हणून पुढे येते 😊 इथे आल्यानंतरच पाहिली, नवऱ्याने लावली होती आणि तो झोपला, मी बघत बसले.

तर पॅरिस कसं दाखवलंय? पोस्टकार्डवालं पॅरिस फार कमी आहे हे मला आवडलं. जस्ताच्या पत्र्यांची करडी छपरं, त्यावर चिमण्यांच्या रांगा (चुलीच्या, उडणाऱ्या नव्हेत), पुलाखालचे दगडी घाट, दुपारची रिकामी गल्ली. नोव्हेंबरात इथे चार वाजताच जो मळकट उजेड असतो ना, तो रंग बऱ्याच भागांत पकडलाय. मिरेयच्या घरात मधोमध बिलियर्डचं टेबल आहे आणि त्यावर कॉम्प्युटर, खिडकीत एक झाड. या गावात घरभाडं काय आहे ते मला माहितीये, बाईंचा धंदा जोरात आहे एवढंच म्हणेन.

तेरावा एपिसोड कोणी अजून काढला नाही म्हणून मी काढते. किरिका नदीकाठी चित्र काढणाऱ्या एका माणसाला भेटते, मिलोश, आधी फॉरेन लीजनमध्ये (फ्रान्सची परदेशी लोकांची फौज) सैनिक होता. तो तिला चित्र काढायला शिकवतो. ती हातात पेन्सिल धरते तेव्हा आपल्याला त्या हाताने आधी काय काय केलंय ते दिसत असतं. दोघांमध्ये प्रेमबिम काही म्हणत नाहीत, नुसते शेजारी बसतात. पुढचं लिहीत नाही. मी त्या घाटावरून ऑफिसला जाते, तिथे वहीत रेघोट्या मारणारं कोणीतरी कायम बसलेलं असतं, आणि आता दरवेळी माझं लक्ष जातंच.

फ्रेंच उच्चार मात्र विनोदी आहेत. माझ्या नवऱ्याला (तो इथलाच) क्लोई आणि आल्तेना सोडून एकही नाव ओळखू आलं नाही.

लई_भारी_कोल्हापूर

आवाजाबद्दल कुनी बोललं न्हाई. मिरेयचा आवाज कोतोनो मित्सुइशी, म्हंजे आपली सेलर मून! ज्या आवाजात लहानपनी "चंद्राच्या नावानं शिक्षा करीन" ऐकलं त्या आवाजात ही बया गार डोक्यानं मानसं मारतीय. आन आल्तेना, ती गोडगोड बोलनारी, सगळ्यात डेंजर बाई, तिचा आवाज ताराको. ताराको म्हंजे चिबी मारुको चानचा आवाज, १९९० पासून २०२४ ला ती वारली तवर तिनंच केला. जपानमधल्या घराघरात ज्या आवाजाला नऊ वर्साची अवखळ पोर म्हनून वळखत्यात तोच आवाज हितं आईच्या मायेनं पोरींना खुनी बनवतोय. कास्टिंग करनाऱ्याला साष्टांग दंडवत. हे जपान्यांना ऐकताना कसलं वाटलं असंल राव.

निशाचर_ठाणेकर

अपडेट. सहा ते नऊ बघून झाले.

रातराणी ताई, मांजरवाला एपिसोड बघितला आणि तुमच्यावर थोडा राग आहे. आधी सांगायचं तरी होतं की जेवताना बघू नकोस. मला वाटलं होतं म्हाताऱ्याचं खरं रूप कळल्यावर सोपं होईल, वाईट माणूस आहे, मारून टाका, पण ते तसं सोपं ठेवतच नाहीत ना. आणि ती शेवटपर्यंत काही बोलत नाही. मी स्क्रीनकडे बघून बोल ना बाई काहीतरी असं म्हणत होतो.

सिल्वाना जबरदस्त. कांता पेर मे हेडफोनवरच ऐकलं. पण सूटवाल्यांचा माझा मुद्दा मी सोडत नाही हां, सिसिलीतही त्यांना नेम धरता येत नाही. आणि फ्लॅशबॅक अजून तेच. नवव्यालाही घड्याळ दाखवलं तेव्हा मी मोबाईल उचलला होता.

आता पुढे बघणारच आहे, फक्त एवढं सांगा की शेवट नीट आहे का हवेत सोडलाय.

जुना_डीव्हीडीवाला

स्पॉयलर आहे, निशाचर तुम्ही इथून खाली वाचू नका, थेट खाली माझ्या शेवटच्या पोस्टवर जा.

शेवटाबद्दल इथे मतं घ्यायची आहेत कारण माझं आणि माझ्या बहिणीचं यावर अजून पटत नाही. दोघी शेवटी त्या वाड्यातून बाहेर पडतात, संघटनेचे लोक विनवण्या करतात, त्या ऐकत नाहीत, निघून जातात, आणि अगदी शेवटी दोन गोळ्यांचा आवाज. आता त्या दोन गोळ्या कोणी कोणाला मारल्या? बहीण म्हणते करार पूर्ण झाला, दोघी गेल्या. मी म्हणतो त्यांच्या मागे आलेल्यांना त्यांनी उडवलं, कारण जिला आगीतून हात धरून वर ओढलं तिला बाहेर आणून कोण मारेल?

रातराणी

हेही स्पॉयलर.

तुमच्या बाजूने आहे दादा. पण मला शेवटच्या गोळ्यांपेक्षा तो काटा जास्त छळतो. क्लोई अकराव्या भागात चहाला येते, रात्री, तिघी एका टेबलाशी, एकमेकींना मारू शकणाऱ्या तिघी केक खातायत. तिथून ती किरिकाचा काटा घेऊन जाते, आठवण म्हणून, लहान मुलं एखादा शंख जपून ठेवतात तसा. आणि पंचविसाव्यात त्याच काट्याने किरिका तिला मारते, मिरेयला वाचवायला. एवढ्या बंदुका, एवढे चाकू, आणि सिरीजमधला सगळ्यात दुखणारा मृत्यू केक खायच्या काट्याने. क्लोईला आयुष्यात दुसरं काही नको होतं, किरिका हवी होती. तिला व्हिलन म्हणणाऱ्यांशी मी भांडते.

मिरेयच्या आईवडिलांना लहानपणी किरिकानेच मारलेलं असतं हे उघड होतं तेव्हा निशाचर ज्यांना वैतागले ते सगळे घड्याळवाले फ्लॅशबॅक एकदम वेगळे दिसतात. तरीही त्यातले अर्धे काढता आले असते, तेवढं मान्य.

कट्टर_शोनेन

मी स्पॉयलर वाचले सगळे. काट्याने?? केकच्या काट्याने??

तेराव्यापासून लावतो मग. बघतो जमलं तर.

रातराणी

दहापासून लावा, तुम्हाला क्लोई आठवत नसणार.

जुना_डीव्हीडीवाला

निशाचर, तुमच्यासाठी स्पॉयलर नसलेलं उत्तर: गोष्ट पूर्ण होते, सगळ्या मोठ्या प्रश्नांची उत्तरं मिळतात, शेवटचा एक आवाज तेवढा तुमच्यावर सोडलाय. अठरापासून पुढे मध्ये ब्रेक घेऊ नका.

निशाचर_ठाणेकर

धन्यवाद, मधला भाग हात लावून लावून स्क्रोल केला, काही वाचलं नाही. "काट्याने" एवढा एकच शब्द डोळ्याखालून गेला, शोनेन तुला बघतो नंतर. हे संपलं की माशिमोचंच मॅडलॅक्स बघायचा विचार आहे, ते कसंय? त्याआधी हे बघणं गरजेचं होतं का?

सूर_बेसूर

गोष्ट वेगळी आहे, काही संबंध नाही. बी ट्रेनने अशा बंदूकवाल्या पोरींच्या तीन सिरीज केल्या, न्वार २००१, मॅडलॅक्स २००४ आणि एल काझादोर दे ला ब्रुहा २००७, तिन्ही माशिमो आणि तिन्हीला म्युझिक काजिउराचंच. मॅडलॅक्स यादवी युद्ध चाललेल्या एका काल्पनिक देशात घडतं आणि मधे डोक्यावरून जातं, पण त्यात यानमानी यानमानी करणारं एक गाणं आहे, ते लागलं की समजायचं आता हिला गोळी लागत नाही. काझादोर हलकंफुलकं आहे, रोड ट्रिप टाइप. न्वारनंतर लगेच मॅडलॅक्स नको, मध्ये काझादोर घ्या.

लई_भारी_कोल्हापूर

काझादोर मधी टाकोवाल्या हॉटेलातली नोकरी हाय बघा, लई भारी. जेवून बसा.